मेंग सरांच्या हातात चिमटा

आमच्या विभागात प्रबंध नापास होत नाही, उद्देश नापास होतो. आधी पाच-सहा पानांत लिहून द्यायचं, की हा अभ्यास मी कशासाठी करणार आहे. मग तीन परीक्षक बसतात, त्या पानांची चिरफाड करतात आणि ठरवतात, की तुमचा हेतू अभ्यासाच्या लायकीचा आहे की नाही. हेतू पास झाला तर पुढचं सगळं. नाही झाला तर घरी जा आणि आपण या जगात कशासाठी आलो इथपासून विचार करा. माझा उद्देश दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला तर नियमाप्रमाणे माझं नाव पटावरून जाणार होतं आणि सात वर्षांचे शनिवार पाण्यात.

मी बांग मी-रान. कोरियात, देगूतल्या एका वृद्धांच्या इस्पितळात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. वॉर्डात माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. पेशंटला सुई टोचताना मी सांगते, दुखणार आहे. ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ असलं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही. पण शनिवारी विद्यापीठाच्या पायऱ्या चढले, की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि कानावर पहिलं वाक्य यायचं ते असं, “अगं बांग, तेवढी माझी बॅग.”

बॅग मेंग सरांची. मेंग जोंग-ताक. सेवक-नेतृत्व या विषयात आमच्या भागात त्यांच्या तोडीचा माणूस नाही. सेवक-नेतृत्व म्हणजे थोडक्यात असं, की पुढारी व्हायचं तर आधी सेवक व्हा. हाताखालच्यांना राबवू नका, त्यांच्यासाठी राबा. यावर सरांची जाडजाड पुस्तकं आहेत. ती वर्गात आम्ही वाहून आणतो.

तुम्ही म्हणाल, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तसं नाही. तसं असतं तर सोपं होतं, ढोंगी माणसाला हसता येतं. मेंग सरांना अधूनमधून सेवेचा खरोखर झटका येतो आणि मग ते मनापासून सेवा करतात. अडचण तीच आहे. एकदा आमच्यातल्या एकाला ताप भरला. सर स्वतः तांदळाची पेज घेऊन त्याच्या खोलीवर गेले. आता गुरू दारात उभे म्हटल्यावर अंथरुणात कोण पडून राहील? तो उठला, शर्ट चढवला, गुडघे मोडून बसला आणि पेज निवून दगड होईपर्यंत सरांचं सेवेवरचं बोलणं ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात ॲडमिट करावं लागलं. ही पेजेची गोष्ट सर दर वर्षी वर्गात सांगतात. ॲडमिटचा भाग त्यांना अजून कुणी सांगितलेला नाही.

मी मात्र पहिल्याच वर्षी पेटले. सर शिकवतात ते करून बघायचं ठरवलं आणि वॉर्डात लवकर जाऊन माझ्या सिस्टरांसाठी कॉफी करून ठेवायला लागले. झालं! दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी येऊन कॉफी करून उभ्या. मी आणखी लवकर गेले. त्या त्याहून लवकर. शेवटी कोंबडं आरवायच्या आत आम्ही सगळ्याजणी वॉर्डात हजर, आणि म्हातारे पेशंट घाबरून विचारताहेत, कोण गेलं? मग मी फरशी पुसायला घेतली. तेव्हा यांग सिस्टर, माझ्याच वयाची बाई, फडक्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

“सिस्टर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“आमचं काय चुकलं?”

“काही नाही गं. ही सेवा आहे.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “म्हणजे काढताय कुणाला?”

माझा खरा उद्देश त्या फरशीवर जन्माला आला. वरचा माणूस सेवा करायला लागला, की खालच्यांच्या पोटात गोळा का येतो? पण हे मेंग सरांना लिहून द्यायचं कसं? ज्या माणसानं उभा जन्म सेवेनं आनंद होतो हे सांगण्यात घालवला, त्याच्यापुढे?

म्हणून पहिल्यांदा मी सरळ लिहिलं, ‘सेवक-नेतृत्वामुळे परिचारिकांचं समाधान वाढतं हे दाखवणं.’ सरांनी पानं परत ढकलली. “हे मी दाखवून झालंय. तू आता काय दाखवणार, मीठ खारट असतं?” दुसऱ्यांदा लिहिलं, ‘समाधान वाढतं का, हे तपासणं.’ सरांनी चष्मा काढला.

“का? शंका आहे?”

“नाही, सर.”

“शंका नाही तर तपासायचं कशाला?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला आणि कुणालाच काही कळणार नाही असं लिहिलं. ‘सेवक-नेतृत्वाच्या बहुआयामी संदर्भांचं सर्वंकष आकलन करून त्याच्या अंतःसंबंधांचा वेध घेणं.’ नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, फार भारी झालंय, काय आहे हे? मी म्हटलं, कळलं असतं तर नापास झालं असतं.

परीक्षणाच्या दिवशी टेबलावर मी फळं आणि पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवल्या. मध्ये मेंग सर. त्यांच्या उजव्या हाताला कू सर, आमचे संख्याशास्त्रवाले. हे स्वतः मेंग सरांचे जुने विद्यार्थी. आता डोक्यावर केस उरले नाहीत, तरी मेंग सर खोलीत आले की खुर्चीला चटका बसल्यासारखे उठून उभे राहतात. डाव्या हाताला बाहेरच्या परीक्षक, सोलहून आलेल्या प्यो मॅडम. बारीक चणीच्या, कापलेले केस, आणि माझी पानं त्यांच्या हातात लाल रेघांनी भरलेली.

सुरुवात कू सरांनी केली. “नमुना किती जणांचा घेणार, बांग बाई?”

“कू, आज फक्त उद्देश,” मेंग सर म्हणाले.

“हो सर. उद्देशापुरता नमुना किती?”

प्यो मॅडमनी पानं खाली ठेवली. “बांग सिस्टर, हे मी तीनदा वाचलं. तुम्ही वॉर्डात काम करता ना? नवा पेशंट आला की पहिलं काय विचारता?”

“काय होतंय, असं विचारते.”

“मग मीही तेच विचारते. काय होतंय तुम्हाला? कशासाठी करायचाय हा अभ्यास?”

जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. समोर मेंग सर माझ्याकडे मायेनं बघत होते, आणि ती माया बघून मी गिळून टाकलं.

“सेवक-नेतृत्वाच्या बहुआयामी—”

“ते वाचलं मी,” मॅडम म्हणाल्या.

मग तिघांनी माझ्यादेखतच मतं दिली. प्यो मॅडम म्हणाल्या, “हा उद्देश नाही, धुकं आहे. मी अयोग्य लिहिणार.” कू सर म्हणाले, “सर म्हणतील तसं.” मेंग सरांनी पेनाचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. “शब्द चांगले आहेत,” ते म्हणाले, “पण उद्देश म्हणजे... बदल हवाच.” बदल हवा म्हणजे परत आला, आणि तिसऱ्यांदा परत आला म्हणजे मी संपले. तेवढ्यात सरांनी घड्याळ पाहिलं. “उपाशीपोटी कुणाचं वाईट करू नये. मॅडमची गाडी आहे, आधी जेवून घेऊ. जेवताना ठरवू.”

हे ऐकून माझ्या जिवात थोडा जीव आला, कारण आमच्याकडे खरे निकाल शेगडीभोवतीच लागतात. लाचलुचपतीचा कायदा झाल्यापासून विद्यार्थ्यानं परीक्षकांना जेवू घालायचं नसतं, त्यामुळे जेवण मेंग सरांकडून. जायचं कुठे हे विचारावंही लागलं नाही. देगूत पाहुणा आला की त्याला माकचांग खिलवायचं, डुकराची वजडी, कोळशावर खरपूस भाजलेली, कांद्याची पात घातलेल्या चटणीत बुडवून. सरांच्या नेहमीच्या खानावळीत मालकीण मावशी स्वतः कच्ची वजडी ताटभर आणून ठेवतात आणि तुम्हीच भाजून घ्यायची.

आम्ही जमिनीवर बैठकीला बसलो. मी दाराजवळ, धाकटेपणाच्या जागी. चमचे आणि जेवायच्या काड्या मांडल्या, पाणी ओतलं आणि चिमटा-कात्री हातात घेतली. भाजणं धाकट्याचं काम, आणि खरं सांगते, ते मला चांगलं जमतं. माझ्या सासूला माझं एवढं एकच आवडतं. वजडीला घाई चालत नाही. मंद निखाऱ्यावर ठेवायची, सारखी हलवायची नाही, कडा सोनेरी झाल्या की मगच कात्री लावायची. आज तर मी जीव ओतून भाजणार होते, कारण चांगल्या वजडीनं मवाळ झालेले परीक्षक मी आधी पाहिले आहेत.

पहिला तुकडा शेगडीवर ठेवला आणि प्यो मॅडम हसत म्हणाल्या, “मेंग सर, एक शंका. सेवक-नेतृत्वाच्या टेबलावर चिमटा सगळ्यात धाकट्याच्याच हातात कसा?”

कू सरांचा सोजू दारूचा पेला ओठांपाशी थांबला. मेंग सरांचे कान लाल झाले. चेष्टा होती हो नुसती, सोलच्या लोकांना अशी सवय असते. पण ती नेमकी वर्मी लागली. सरांनी बाह्या सरसावल्या आणि हात पुढे केला.

“चिमटा दे, बांग.”

आता आमच्याकडे वडीलधाऱ्यानं चिमटा मागितला, तर त्याचा अर्थ एकच होतो. तुझ्याच्यानं होत नाही, हो बाजूला. मनात आलं, निकाल लागला. तुकडा तर आत्ता कुठे ठेवलाय, एवढ्यात माझं काय चुकलं?

“सर, राहू द्या ना, मी करते.”

“दे म्हणतो ना!”

कू सर गुडघ्यांवर उठले. “सर, तुम्ही कशाला? मी आहे ना.”

“तू बस.”

“सर, द्या इकडे.” कू सरांनी चिमट्याचं एक टोक धरलं. निखाऱ्यांवर दोघांची थोडा वेळ रस्सीखेच झाली. शेवटी मेंग सर जिंकले. कू सर खाली बसले, पण मांडी घालायची हिंमत त्यांना झाली नाही. ते गुडघे मोडूनच बसले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

इतक्यात खानावळीच्या मावशी कोबीची किमची घेऊन आल्या आणि बघतात तर काय! “अगं बाई!” त्या माझ्यावरच कडाडल्या. “पांढऱ्या केसांच्या माणसाला भाजायला लावून तू बसलीस होय? कुठल्या घरची गं तू?”

“मावशी, सर आपणहून—”

“ते म्हणतीलच! मोठी माणसं म्हणतात. म्हणून आपण बसायचं असतं?”

शेजारच्या बैठकीवरच्या आजोबांनी च्च च्च केलं. मी उभी राहिले. “बस,” सर म्हणाले. मी बसले. मावशींनी डोळे वटारले. मी परत उभी. माझ्या त्या उठबशा बघून प्यो मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. शेवटी मावशींनी हात टेकले आणि स्वतःचा ॲप्रन सोडून सरांच्या गळ्यात बांधला, निदान शर्ट तरी वाचेल म्हणून. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आजकालच्या बायका!”

मेंग सरांना भाजता येत नाही. कसं येणार? तिशीपासून कुणी त्यांच्या हातात चिमटा येऊच दिलेला नाही. ते तुकडा ठेवायचे, लगेच उलटायचे, परत उलटायचे. चरबी निखाऱ्यांवर पडली आणि भडका उडाला. कू सर “वा सर!” म्हणाले. सरांनी त्याच भडक्यावर कात्री चालवून तुकडे केले आणि घामानं निथळत, अगदी प्रेमानं, एकेकाच्या ताटलीत वाढले. पहिल्यांदा प्यो मॅडमना, मग कू सरांना, मग मला.

“घ्या. सुरू करा.”

कुणीच हललं नाही. थोरानं पहिला घास घेतल्याशिवाय चमचा उचलायचा नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं.

“सर, तुम्ही आधी,” कू सर म्हणाले.

“छे! सेवक शेवटी जेवतो.”

“मग आम्ही थांबतो, सर.”

“अरे, तुम्ही जेवल्याशिवाय मी कसा जेवू?”

“तुम्ही जेवल्याशिवाय आम्ही कसे जेवू?”

लाह्यांसारखे फुटणारे निखारे, समोर ताटं भरलेली आणि चार शहाणी माणसं उपाशी. मधल्या भांड्यातला रस्सा निवून त्यावर साय धरली. प्यो मॅडमनी हळूच घड्याळ बघितलं. शेवटी सर ओरडले, “खा! हुकूम समजा!”

हुकूम म्हटल्यावर कू सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी ताबडतोब तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागले. चावतच राहिले. तो तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला, परत आला.

“कसं झालंय?” सरांनी विचारलं.

“दम... दम आहे, सर.” कू सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बघा मॅडम,” सर कृतार्थ होऊन म्हणाले, “माणसाला सेवेनं कसं भरून येतं ते.”

प्यो मॅडमनी काड्यांनी आपला तुकडा उचलला. निखाऱ्याच्या उजेडात मला त्याची कड दिसली. बाहेरून कोळसा, आतून गुलाबी, थेट कच्चा गुलाबी. तो तुकडा वर चालला होता. माझ्या डोक्यात दोन बायका भांडायला लागल्या. एक म्हणाली, गप्प बस, सरांनी वाढलंय, निकाल त्यांच्या हातात आहे. दुसरी सिस्टर होती.

“मॅडम, खाऊ नका ते. कच्चं आहे.”

सरांचा चिमटा हवेत राहिला.

“काय म्हणालीस?”

“कच्चं आहे, सर. डुकराची वजडी आहे ती. हे पोटात गेलं तर उद्या तुम्ही तिघं माझ्या वॉर्डात असाल.” एकदा तोंड उघडलं आणि मग बांधच फुटला. “आणि सर, मघापासून इथे कुणी जेवलेलं नाही. कू सरांचे पाय बधीर झालेत. मावशींनी माझा उद्धार केला. तुम्ही घामाघूम झालात, मॅडमची गाडी चुकेल, रस्सा गार झाला. तुम्ही आज्ञा करत होता तेव्हा आम्ही निदान पोटभर जेवत तरी होतो. तुमची सेवा आमच्या फार अंगावर येते, सर.”

“बांग बाई!” कू सर घास गालात धरून कळवळले.

“बोलू द्या मला. मॅडम, तुम्ही विचारलंत ना, काय होतंय? हे होतंय. मी माझ्या सिस्टरांसाठी कॉफी केली तर त्यांना वाटलं आता कुणाची तरी नोकरी जाणार. वरचा माणूस खाली वाकला, की खालच्याला वाटतं आपण मेलो. असं का होतं? कुणाकुणाला होतं? सेवा करणाऱ्याला सगळे विचारतात, सेवा ज्याच्यावर होते त्याला कुणी विचारलंय का? ते मला शोधायचंय. हाच माझा उद्देश आहे, दुसरा नाही. ते बहुआयामी वगैरे सगळं खोटं.”

सगळं बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं, की मी हात जोडून बसले आहे. शनिवार गेले. गेले तर गेले, असं मी स्वतःला म्हणत होते, पण रडू फुटायच्या बेतात होतं.

मेंग सरांनी हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “विचारलंय की. मी विचारलंय. दर वर्षी, प्रत्येकाला. कुणाला मदत केली की लगेच विचारतो, आनंद झाला ना? आजवर एकानंही नाही म्हटलेलं नाही. माझा सगळा अभ्यास त्यावर उभा आहे.”

प्यो मॅडम हळूच म्हणाल्या, “विचारलं कुणी, सर?”

“मीच.”

“समोरासमोर?”

“मग काय पाठीमागून विचारू?” सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांनी बहुतेक पहिल्यांदा ऐकलं. मग एकदम कू सरांकडे वळले. “कू! तू सांग. तू घर बदललंस, तेव्हा तुझं सामान मी स्वतः खांद्यावर वाहिलं. तुझ्या बायकोचं कपाट. तुला आनंद झाला होता ना?”

कू सरांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तो तुकडा एकदाचा गिळला. आता तोंडात सबब उरली नव्हती.

“सर, ते कपाट माझ्या सासूबाईंनी दिलं होतं.”

“हो, जड होतं.”

“जिन्यावर तुमच्या हातून सुटलं.”

“जरा ओरखडा आला असेल.”

“दार निखळलं, सर. बायको अजून म्हणते, तुमच्या सरांना सांगा, पुढच्या वेळी हुकूम करा, पण सेवा नको.”

प्यो मॅडमना ठसका लागला. मी पाणी दिलं, पण हसू मलाही येत होतं. आणि मग मेंग सरांकडे पाहिलं आणि हसू विझलं. गळ्यात मावशींचा फुलाफुलांचा ॲप्रन, कपाळावर काजळी, हातात जळका चिमटा. हा माणूस खरंच चांगलं करायला निघाला होता हो. एवढी वर्षं तो मनापासून वाढत होता आणि आम्ही सगळे मनापासून खोटं बोलत होतो. मला त्याची फार दया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

“एवढं स्पष्ट होतं तुझ्या मनात,” ते मला म्हणाले, “मग लिहायला काय झालं होतं?”

“सर, वाचणारे तुम्ही होता.”

त्यांनी मान हलवली. मग कडू काढा घशाखाली उतरवावा तसे म्हणाले, “उद्देश मंजूर.”

“मंजूर!” कू सर त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाले.

“मंजूर,” प्यो मॅडम म्हणाल्या. “आता हा उद्देश आहे. सोमवारी पानं बदलून द्या, मी सही करते.”

मी रडले. लपवत नाही, चांगली हमसून रडले. शेजारच्या आजोबांना वाटलं असणार, भाजलं नाही म्हणून अखेर पश्चात्ताप झाला बाईला. मावशी लांबूनच समाधानानं मान हलवत होत्या.

सरांनी मला डोळे पुसू दिले. मग त्यांच्यातला परीक्षक जागा झाला. “पण पुढे काय? हे विचारणार कुणाला?”

“माझ्या वॉर्डातल्या सिस्टरांना, सर.”

“त्या खरं सांगतील?”

“म्हणजे काय! अगदी मोकळेपणानं बोलतात माझ्याशी. पोटात एक नि ओठांत एक असलं आमच्या वॉर्डात चालतच नाही.”

“हं. आणि विचारणार कोण?”

“मी.”

बोलून गेले आणि तोंड तसंच उघडं राहिलं. प्यो मॅडमनी काड्या खाली ठेवल्या. कू सर माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, की जणू मीच त्यांचं कपाट पाडलं होतं. मेंग सरांचे खांदे आधी हळूहळू आणि मग गदागदा हलायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“समोरासमोर?” त्यांनी विचारलं.

सरांनी डोळे पुसले, गळ्यातला ॲप्रन सोडला आणि चिमटा माझ्या हातात दिला.

“उद्देश पास, बांग. पद्धत नापास. आता भाज बाई, भूक लागलीय.”